डोक्यावरचा हात

आपल्याकडे मायेची एक ठरलेली जागा आहे, ती म्हणजे डोकं. नातू पाया पडला की हात त्याच्या डोक्यावर जातो. परीक्षेला निघालेला मुलगा असो की सासरी निघालेली मुलगी, आशीर्वाद वरूनच खाली येतो. मग दारातल्या कुत्र्याचे लाड करताना आपला हात दुसरीकडे कुठे जाणार? तीस-पस्तीस वर्षं शाळेत मुलांच्या डोक्यांवर (कधी मायेनं, कधी दुसऱ्या कारणानं) हात ठेवण्यात गेली. तोच धडा मी घरीही गिरवत होतो. कुत्र्याच्या बाबतीत तो चुकीचा आहे, हे निवृत्तीनंतर बाभुळगावच्या माझ्या अंगणात मला कळलं. पण त्यासाठी नातीच्या मनगटातून रक्त यावं लागलं.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. शेतात कापसाची वेचणी सुरू होती. लेक-जावई पुण्याहून आठ दिवसांसाठी आले होते. नात आठ वर्षांची. पुण्यात तिच्या इमारतीत एक लॅब्रॅडोर आहे. त्याचे कान ओढा, गळ्यात पडा, तो हूं की चूं करत नाही. आमचा काळू मात्र गावठी. त्याला कोणी आणलं नाही. एका पावसाळ्यात तोच आला आणि राहिला. त्या दुपारी तो बंडीखाली झोपला होता. नात 'काळूऽ काळूऽ' करत धावली, वाकली, त्याच्या डोक्यावर थोपटलं आणि दोन्ही हात गळ्यात टाकले.

मी ओट्यावर पेपर वाचत होतो. मी पाहिलं होतं, हे मुद्दाम सांगतो. काळूनं मान दुसरीकडे फिरवली. ओठांवरून जीभ फिरवली. त्याच्या डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसला. मला वाटलं, झोपमोड झाली म्हणून आळसावला असेल. पुढच्याच क्षणी किंकाळी ऐकू आली.

नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली आणि लगेच दवाखाना गाठला. रक्त आलं होतं म्हणून जखमेभोवती सीरमचं इंजेक्शन आणि दंडात लशीचं पहिलं. पुढची तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. "कुत्र्याला काही होतं का ते पाहू, मग ठरवू," असं कोणी म्हणालं, तर वाचकहो, ऐकू नका. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायचीच, पण लस त्याच दिवशी सुरू करायची. रेबीज एकदा उमटला की पुढे जवळजवळ उपाय नाही.

संध्याकाळी अंगणात पंचायत भरली. एकानं पोतंच आणलं होतं. काळूला त्यात घालायचं आणि बेंबळेच्या पल्याड सोडून यायचं. जावई एवढंच म्हणाले, "बाबा, पुढच्या वेळी तो इथे असेल तर आम्हाला विचार करावा लागेल." त्यांचंही काही चुकत नव्हतं.

मला माझं लहानपण आठवलं. थोरल्या भावाला गल्लीतली कुत्री चावली होती. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. भाऊ रोज रडत जाई आणि रडत येई. त्या कुत्रीला मात्र त्याच संध्याकाळी काठ्यांनी संपवलं गेलं. नंतर कळलं, भाऊ तिची पिलं उचलायला गेला होता. ती पिलं पुढे चार दिवस केकाटत होती. कुत्री का चावली, हे तेव्हा कोणीच विचारलं नाही.

त्या संध्याकाळी ते विचारलं आमच्या जुन्या सालदारानं. तो बैलांना कडबा टाकत होता. तिथूनच म्हणाला, "गुरुजी, बैलाच्या मागून जाऊन कोनी हात टाकते का? पयले आवाज देतो, मंग हात लावतो. कुत्र्याले काहून नाही इचारलं? पोरगी तं लहान हाय. आपन सांगाले पायजे होतं."

मी गप्प झालो. आमच्या वऱ्हाडात बैलाला कुठे हात लावावा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गळ्याखालची लोंबती पोळी खाजवली की बैल मान लांबवून डोळे मिटतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण त्याचे खांदे तूप-हळद लावून शेकतो, कारण जू तिथे बसतं. ज्याच्याकडून काम घेतो, त्याचं अंग आपण वाचलेलं आहे. आणि त्याच दारात राखण करणाऱ्या कुत्र्यासाठी आपल्या भाषेत दोनच शब्द, 'यू यू' आणि 'हाड'!

पोतं परत गेलं. दुसऱ्या दिवशी मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गुरगुरला नव्हता का?" नव्हता. कारण तो गुरगुरला की मीच त्याला काठी दाखवत आलो होतो. डॉक्टर म्हणाले, "गुरगुरणं म्हणजे तोंडी सूचना असते, गुरुजी. ती तुम्ही बंद केलीत. आता तो थेट कारवाई करतो." भुंकणारं कुत्रं चावत नाही, या म्हणीवर मुलांना सोडू नये हे खरंच. पण सूचना देणाऱ्या कुत्र्याला गप्प बसवणं त्याहून वाईट.

त्यानंतर वर्षभर मी काळूकडून शिकलो. वरून येणारा हात त्याला दिसत नाही, फक्त अंगावर येतो. म्हणून तो मान चोरतो. गळ्यात पडणं ही आपली माया. त्याला मात्र ती धरपकड वाटते. पंजे, शेपटी आणि तोंड या त्याच्या खाजगी जागा. त्याला आवडतं ते छातीवर, हनुवटीखाली, मानेच्या बाजूला, कानाच्या मुळाशी आणि शेपटीच्या जरा वर पाठीवर. तेही हळूहळू, केसांच्या दिशेनं. थापा नकोत. अर्थात ही काळूची यादी. दुसऱ्याची थोडी वेगळी असेल, म्हणून प्रत्येकाला विचारावं लागतं.

विचारायचं कसं? समोर उभं राहून वाकायचं नाही. बाजूला बसायचं, हात खाली ठेवायचा आणि त्याला येऊ द्यायचं. आला, हुंगलं, अंग सैल असलं, तर दोन-तीन क्षण छाती खाजवायची आणि थांबायचं. तो अंग पुढे रेटतो, नाकानं हात उचलतो, तेव्हा 'आणखी' म्हणतो. तोंड फिरवतो, जांभई देतो, ओठ चाटतो किंवा ताठ उभा राहतो, तेव्हा 'पुरे'. हलणारी शेपटीसुद्धा दर वेळी आनंदाची नसते. उताणा पडला म्हणजे पोट खाजवायला सांगतो असंही नाही. पुष्कळदा तो 'मला सोडा' म्हणत असतो. आणि झोपलेल्या, खाणाऱ्या किंवा पिलं असलेल्या कुत्र्याला हात लावायचाच नाही.

खाजवताना मागचा पाय फडफडला की आपण खूश होतो. शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1906 साली आलेल्या आपल्या ग्रंथात दाखवलं, की ती हालचाल मेंदूशिवाय, नुसत्या मज्जारज्जूतूनही होते. म्हणून पाय पाहू नये, चेहरा पाहावा.

हे सगळं गावठी कुत्र्यांना कशाला, त्यांना भाकरीचा तुकडा पुरे, असं कोणी म्हणेल. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर प्रयोग केले. 2017 साली त्यांनी प्रसिद्ध केलं, की अनोळखी माणूस पुन्हापुन्हा भेटला तर जास्तीच्या खाण्यापेक्षा मायेच्या स्पर्शानं कुत्रे त्याच्यावर अधिक विश्वास ठेवू लागतात. भाकरी तर आपण टाकतोच. पण ओळख स्पर्शानं होते.

काळूला आता दरवर्षी रेबीजची लस टोचतो. ती मी आधी टोचली नव्हती, हाही माझाच दोष. मागच्या उन्हाळ्यात नात आली. जावई दारात उभे होते. नात अंगणात त्याच्याकडे पाठ करून बसली, हात मातीवर ठेवून. दोन दिवस काळू लांबूनच बघत राहिला. तिसऱ्या संध्याकाळी आला, हुंगलं आणि तिला खांदा टेकवून बसला. तिनं छाती खाजवली, थांबली. काळूनं नाक तिच्या हाताखाली घातलं. "आजोबा, तो आणखी म्हणतोय!" जावई काही बोलले नाहीत, पण घरात जाऊन खुर्चीवर बसले.

निघताना नात पाया पडली. सवयीनं माझा हात उठला आणि मध्येच थांबला. मी विचारलं, "ठेवू का?"

ती हसली. "आजोबा, मी काय काळू आहे?" आणि आपणच डोकं माझ्या हाताखाली आणलं.