अक्कलदाढेचे संक्रामण

अक्कलदाढेचे संक्रामण : जबड्याच्या दोन्ही टोकांस सर्वांत शेवटी उगवणाऱ्या तिसऱ्या दाढेभोवतीच्या हिरडीस जंतुसंसर्गामुळे येणारी वेदनायुक्त सूज (शोथ). दाढ पूर्णपणे वर न येता काही अंशी हिरडीखाली राहिली असता ही विकृती उद्‌भवते. या दाढा सामान्यतः १७ ते २५ वर्षे या वयात उगवतात. त्यामुळे विशीतील स्त्रीपुरुषांत विकृतीचे प्रमाण सर्वाधिक आढळते. खालच्या जबड्यातील दाढेस ती विशेषेकरून होते.

समज येण्याच्या वयात उगवणारी म्हणून ‘अक्कलदाढ’ हे नाव रूढ झाले. अरबी व लॅटिन भाषांतील नावांचा अर्थही हाच आहे. जपानी भाषेत मात्र तिला ‘आईबापांना ठाऊक नसलेली’ अशा अर्थाचे नाव आहे. काही व्यक्तींत चारांपैकी एक वा अधिक अक्कलदाढा जन्मतःच नसतात व त्यापासून कोणतेही नुकसान होत नाही.

मानवाचा जबडा उत्क्रांतीच्या ओघात आखूड होत गेला. शिजविलेल्या मऊ अन्नामुळे वाढीच्या वयात त्यावर पडणारा ताणही कमी झाला. परिणामी शेवटच्या दाढेस पुरेशी जागा उरत नाही व ती पुढे कललेली, आडवी, मागे झुकलेली किंवा सरळ असूनही हाडात अडकलेली राहते. या स्थितींचे वर्गीकरण जी. बी. विंटर यांनी १९२६ मध्ये केले व ते अद्यापही वापरात आहे. क्ष-किरण चित्रावरून दाढेची दिशा, मुळांचा आकार व खालच्या जबड्यातील तंत्रिकेशी (मज्जेशी) असलेले त्यांचे अंतर समजते.

अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचा एक पदर झाकणासारखा राहतो. त्याखालच्या फटीत अन्नकण साचतात. तेथे दात घासण्याचा ब्रश पोहोचत नाही आणि ऑक्सिजनविरहित स्थितीत वाढणाऱ्या (अवायुजीवी) जंतूंना आयता आसरा मिळतो. पदर सुजला, की वरची दाढ प्रत्येक घासास त्यावर आदळते व सूज आणखी वाढते. हे दुष्टचक्र लक्षात घेतल्यावाचून केवळ गोळ्या घेत राहण्यात अर्थ नाही.

प्रारंभी मागील हिरडी ठणकते, तोंडास घाण वास येतो व दाबल्यास पू येतो. वेदना कान व घसा यांकडे पसरते. पुढे गाल सुजतो, जबड्याखालील लसीका ग्रंथी दुखऱ्या होतात, ताप येतो आणि चर्वणस्नायू आखडल्याने तोंड उघडता येत नाही. भारतात सुपारी व गुटखा यांच्या व्यसनानेही तोंड उघडणे कमी होते. परंतु ते महिनोन्‌महिने हळूहळू घडते, तर संक्रामणात ते एकदोन दिवसांत घडते. हा भेद निदानास उपयुक्त आहे.

क्वचित संक्रामण खोलवर पसरते. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांची टोके तोंडाचा तळ बनविणाऱ्या स्नायूच्या खालच्या पातळीवर असतात, म्हणून तेथील पू सरळ जबड्याखालील पोकळीत उतरू शकतो. दोन्ही बाजू व जिभेखालचा भाग कठीण सुजून जीभ वर व मागे ढकलली जाते आणि श्वासमार्ग बंद होण्याचा धोका निर्माण होतो. या विकाराचे वर्णन व्हिल्हेल्म फ्रीड्रिख फोन लूटव्हिख या जर्मन वैद्यांनी १८३६ मध्ये केले. प्रतिजैव पदार्थांपूर्वीच्या काळात तो झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रोगी दगावत. गिळता न येणे, लाळ गळणे, आवाज बदलणे, जीभ उचलली जाणे किंवा श्वास घेण्यास त्रास होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठले पाहिजे. मधुमेहाच्या रुग्णांनी याबाबत अधिकच दक्ष राहावे.

चिकित्सेत फट धुऊन काढणे सर्वांत महत्त्वाचे. दंतवैद्य बोथट सुईच्या पिचकारीने लवणजल किंवा क्लोरहेक्सिडीन पदराखाली सोडून अडकलेला मळ काढतात व पू साठला असल्यास त्यास वाट करून देतात. घरी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून अनेकदा कराव्यात. वेदनेसाठी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देतात. जठरव्रण, मूत्रपिंडाचे विकार व गर्भारपण यांत दुसरे औषध टाळतात. ताप, पसरणारी सूज किंवा आखडलेला जबडा असल्यासच प्रतिजैव पदार्थांची गरज भासते. त्यांपैकी मेट्रोनिडॅझोल अवायुजीवी जंतूंवर गुणकारी आहे. हा गुण प्रथम तोंडाच्या विकारातच उघडकीस आला : अन्य रोगासाठी ते घेणाऱ्या एका स्त्रीच्या हिरड्यांचा व्रणयुक्त शोथही बरा झाल्याचे डी. एल. एस. शिन यांनी १९६२ मध्ये नोंदविले. हे औषध चालू असताना मद्य वर्ज्य करतात.

लवंगतेलाने ठणका तात्पुरता कमी होतो, पण जंतू मरत नाहीत. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरल्यास तेथील त्वचा पोळते. मशेरी लावल्याने आराम पडतो, हा समज तर घातकच आहे; त्यातील तंबाखू कर्करोगास कारण होते.

तीव्र शोथ ओसरल्यावर दाढेचा निर्णय घेतात. सुजलेल्या भागात स्थानिक संवेदनाहारक नीट लागू पडत नाही, हे थांबण्याचे एक कारण. दाढ सरळ असून तिला जागा असेल, तर केवळ पदर कापतात. पण तो पुन्हा वाढू शकतो. वरची दाढ रुतत असल्यास ती घासतात किंवा काढतात. त्रास वारंवार होत असेल, तर अक्कलदाढ काढणेच इष्ट. मुळे तंत्रिकेस अगदी लागून असल्यास कधीकधी दाढेचा फक्त वरचा भाग काढून मुळे तशीच ठेवतात, कारण तंत्रिकेस इजा झाल्यास खालचा ओठ किंवा जीभ बधिर होते. याउलट, काहीही त्रास न देणाऱ्या निरोगी दाढा सरसकट काढू नयेत, अशी मार्गदर्शिका ब्रिटनमध्ये २००० साली काढण्यात आली.

दाढ काढल्याने दृष्टी अधू होते, ही समजूत निराधार आहे. दातांच्या संवेदना व दृष्टी यांच्या तंत्रिका सर्वस्वी वेगळ्या आहेत. मात्र या भीतीपोटी रुग्ण महिनोन्‌महिने दुखणे अंगावर काढतात. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी जोराने चूळ भरू नये व धूम्रपान टाळावे. अन्यथा खळगीतील रक्ताची गुठळी निघून हाड उघडे पडते आणि दोनतीन दिवसांनी तीव्र ठणका सुरू होतो. अशा वेळी दंतवैद्य खळगी धुऊन तीत औषधयुक्त पट्टी भरतात.