मराठीतून थेट फ्रेंचकडे

सतराव्या शतकात ज्याँ-बातिस्त ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच हिरेव्यापारी सुरतेहून औरंगाबादमार्गे गोवळकोंड्याला जायचा. वाटेत नांदेड लागे. १६७६ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने या मुक्कामाची नोंद केली आहे: नदी उतरायला दर गाडीमागे चार रुपये पडत आणि सुभेदाराचा लेखी परवाना लागे. पुढे अठराव्या शतकात बुसी हा फ्रेंच सेनानी निजामाच्या दरबारी बसला आणि त्याने दख्खनेत कवायती पायदळ उभे केले. त्याच्याच तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी १७६० साली लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने तोफा चालवत होता. आजचा नांदेड आणि लातूर जिल्हा फ्रेंचांनी असा कधीच पाहून ठेवला आहे. आता इथल्या मुलांनी त्यांची भाषा शिकायची तर ती कशी, कुठवर आणि कशासाठी, हे नीट मांडायला हवे.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९९४ साली झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. या जिल्ह्यांतला मोठा विद्यार्थीवर्ग मराठी माध्यमातून आलेला. फ्रेंच म्हटले की ‘ते पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळेतल्या मुलांचे काम’ असे त्यातल्या अनेकांना वाटते. आधी इंग्रजी पक्के करा, मग फ्रेंचचे बघू, असा सल्लाही मिळतो. हा सल्ला मुलांना उगाच लांबच्या वाटेने नेतो. फ्रेंचच्या मधल्या टप्प्यावर मराठी ही मोठी पुंजी आहे.

मधला टप्पा म्हणजे काय

युरोपात २००१ पासून भाषेचे सहा टप्पे सर्वमान्य झाले आहेत: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. पहिल्या दोनांत ओळख, बाजारहाट, वेळ, पत्ता एवढे जमते. बी-१ला आपले मत मांडता येते, घडलेली गोष्ट सांगता येते, बातमीचा गाभा कळतो. बी-२ला वाद घालता येतो. फ्रान्समधल्या विद्यापीठात फ्रेंच माध्यमातून शिकायचे तर सहसा बी-२ मागतात.

डेल्फ ही फ्रान्स सरकारच्या शिक्षण खात्याची परीक्षा या टप्प्यांवर बेतलेली आहे. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही भागांना प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला १००पैकी ५० लागतात आणि कोणत्याही भागात ५पेक्षा कमी गुण चालत नाहीत. म्हणजे व्याकरण पाठ करून बोलण्याचा भाग सोडून देता येत नाही. प्रमाणपत्राला मुदत नाही, ते कायमचे.

आता हिशेब पाहू. एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासिका. महाविद्यालयात फ्रेंच हा दोन क्रेडिटचा विषय म्हणून चार सत्रे घेतला तरी वर्गात १२० तास होतात. शून्यापासून बी-१ला पोहोचायला साधारण ३५० ते ४०० तास लागतात. त्यामुळे मधला टप्पा एकट्या वर्गाच्या भरवशावर गाठता येत नाही, हे प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी मुलांना मोकळेपणाने सांगावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली परकीय भाषांच्या यादीत फ्रेंचचे नाव घेतले. दार उघडले आहे, आत चालत जाणे आपल्याकडे आहे.

मराठीचा हात

बी-१च्या व्याकरणात विद्यार्थी अडखळतात त्या जागा जवळून पाहू. फ्रेंचमध्ये ‘मी लिहिलेला शब्द’ म्हणताना ‘ल मो क जे एक्री’ असे म्हणतात. तेच ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना ‘ला लेत्र क जे एक्रीत’ होते. शब्द पुल्लिंगी म्हणून ‘एक्री’, चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून ‘एक्रीत’. लिहिणारा मुलगा असो की मुलगी, क्रियापदाचे रूप ठरते ते लिहिलेल्या वस्तूवरून. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याला हा नियम घोकावा लागतो. लातूरचा मुलगा मात्र ‘लिहिलेला शब्द, लिहिलेली चिठ्ठी’ हे बोलायला लागल्यापासून म्हणतो आहे.

दुसरी जागा भूतकाळाची. ‘आम्ही सुटीत आजोळी जायचो’ आणि ‘त्या वर्षी आम्ही मुंबईला गेलो’ यांतला फरक कोणत्याही मराठी मुलाला समजावून सांगावा लागत नाही. फ्रेंचमध्ये पहिल्यासाठी आँपार्फे आणि दुसऱ्यासाठी पासे काँपोझे वापरतात. तिसरी जागा ‘तू यावंस’, ‘त्यानं जावं’ या रूपांची. फ्रेंचमध्ये ‘अमुक व्हायला हवे’ असे म्हटले की पुढच्या क्रियापदाचे रूप बदलते. ते शिकवताना या मराठी रूपांपासून सुरुवात केली तर निम्मी भीती तिथेच जाते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला मान तर सांगायलाच नको.

अडचणीही आहेत. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, त्यामुळे आपले ‘ते पुस्तक’ तिथे पुल्लिंगी होते. प्रत्येक नाम त्याच्या ‘ल’ किंवा ‘ला’ या उपपदासकटच पाठ करावे लागते. शब्दाच्या शेवटची बरीच अक्षरे लिहायची पण उच्चारायची नाहीत, आणि देवनागरीची सवय असलेल्या डोळ्याला हे जड जाते. याला कानाची तयारी हाच उपाय.

फ्रान्सपलीकडची फ्रेंच

फ्रेंच म्हणजे पॅरिस, हे समीकरण मधल्या टप्प्यावर सोडून द्यावे. फ्रेंचभाषी देशांच्या संघटनेचा पाया २० मार्च १९७० रोजी पश्चिम आफ्रिकेत, नायजर देशातल्या निआमे शहरात घातला गेला. संघटनेच्या २०२२च्या अंदाजानुसार जगात ३२ कोटींहून अधिक लोक फ्रेंच बोलतात आणि रोज ती वापरणाऱ्यांत आफ्रिकेतल्या लोकांचा वाटा निम्म्याहून मोठा आहे.

फ्रेंचच्या या जगात मराठी माणूसही आहे. मॉरिशस १७१५ ते १८१० फ्रेंचांकडे होता. पुढे इंग्रज आले तरी फ्रेंच टिकली. ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या कोकणी-मराठी कुटुंबांचे वंशज आज तिथे घरी फ्रेंचमधून घडलेली क्रिओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात आणि गणपती बसवतात. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीही शिकवली जाते.

मार्तिनिकचा एमे सेझेर आणि सेनेगलचा लेओपोल्द सेदार सेंगोर यांनी १९३०च्या दशकात पॅरिसमध्ये शिकताना काळ्या माणसाच्या अस्मितेची चळवळ उभी केली. ज्या भाषेने हिणवले तिलाच त्यांनी आपला आवाज दिला. सेंगोर पुढे सेनेगलचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. दलित साहित्याचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक ज्या मराठवाड्यातून निघाले, तिथल्या विद्यार्थ्याला सेझेर शिकवताना वेगळी प्रस्तावना लागणार नाही.

मधल्या टप्प्यावर वाचावे असे एक पुस्तक म्हणजे आनी एर्नो यांचे ‘ला प्लास’. त्यांना २०२२ साली नोबेल मिळाले. आधी शेतमजूर, मग कारखान्यात कामगार, मग लहानसे किराणा दुकान आणि कॅफे चालवणारा बाप, शिकून शिक्षिका झालेली मुलगी आणि दोघांमध्ये वाढत गेलेले अंतर, एवढीच गोष्ट. वाक्ये छोटी, भाषा मुद्दाम साधी. घरात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेल्या मुलीला या पुस्तकातला बाप ओळखीचा वाटेल.

त्यांनी केले, आता आपण

मराठी भाषेच्या जडणघडणीचा पायाभूत शास्त्रीय अभ्यास फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांनी फ्रेंचमध्ये केला. १९२० साली तो पॅरिसमध्ये पुस्तकरूपाने निघाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली तो मराठीत आणला. गी द्लरी यांनी तुकोबांचे अभंग १९५६ साली फ्रेंचमध्ये नेले. शार्लोट व्होदव्हिल यांनी ज्ञानदेवांचा हरिपाठ नेला. पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातव्हाँ यांनी हेमा राईरकरांसोबत खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या बायकांच्या ओव्याही त्यात आहेत. प्वातव्हाँ यांनीच दया पवारांचे ‘बलुतं’ आणि बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ फ्रेंच वाचकांपर्यंत पोहोचवले.

यातली फ्रेंच माणसे परक्या मुलखातून येऊन मराठी शिकली. उलट दिशेने, फ्रेंचमधून थेट मराठीत येणारे काम त्या मानाने फार थोडे आहे. बहुतेक फ्रेंच साहित्य आपल्याला इंग्रजीतून मिळते. आफ्रिकेतले फ्रेंच साहित्य तर मराठीत जवळपास आलेलेच नाही. नांदेड-लातूरमधून बी-२पर्यंत गेलेले दहा-बारा जण तयार झाले तरी हे चित्र बदलू शकते. पर्यटन, भाषांतर, फ्रेंच कंपन्या, कॅनडातले क्यूबेक, आफ्रिकेशी व्यापार या नोकरीच्या वाटा आहेतच.

सुरुवात अशी करावी. रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलचे सोप्या फ्रेंचमधले दहा मिनिटांचे बातमीपत्र रोज ऐकावे. त्यात आफ्रिकेच्या बातम्याही असतात. टीव्ही-फाइव्ह-मोंदचे पाठ टप्प्यांप्रमाणे लावलेले आहेत. दोन्ही मोबाइलवर फुकट मिळतात. आठवड्याला १६० शब्दांचा एक मजकूर लिहावा, कारण बी-१च्या परीक्षेत साधारण तेवढाच मागतात. महाविद्यालयांनी हैदराबाद आणि पुण्याच्या आलियाँस फ्रान्सेझशी संपर्क ठेवून वर्षातून एकदा मुलांना गटाने परीक्षेला न्यावे. नांदेडहून हैदराबाद रेल्वेने एका रात्रीचे अंतर आहे. आणि प्राध्यापकांनी वर्गात फ्रेंच मराठीतून समजावून सांगताना मुळीच संकोच करू नये. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ‘ला प्लास’चे एकेक पान वाटून द्यावे आणि त्यांच्याकडून ते मराठीत करून घ्यावे. इथल्या पहिल्या फ्रेंच अनुवादकांची तयारी त्या पानांपासून होईल.