सप्ताहाचा कचरा बैठकीतच ठरतो

अखंड हरिनाम सप्ताह असो, ग्रामदैवताची जत्रा असो की सामुदायिक विवाह सोहळा, हजारो माणसे एकाच दिवशी एका मैदानावर येतात, जेवतात आणि परत जातात. त्यांच्यामागे उरणारा कचरा रोजच्या घरगुती कचऱ्याहून वेगळा असतो. तो काही तासांत तयार होतो, एकाच जागी साचतो आणि त्यात अन्न, पाणी व प्लास्टिक एकमेकांत कालवलेले असते. लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यातील खेड्यांत मोठ्या पंगतींसाठी पीक निघालेले मोकळे रान सोयीचे पडते. तिथला कचरा वेळेत उचलला नाही, तर पातळ प्लास्टिक वाऱ्यासरशी शेजारच्या शेतांत पसरते आणि नांगरटीत मातीखाली गाडले जाते. मग पाणी मुरायला आणि मुळे पसरायला त्याचा अडथळा होतो. उरलेले पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांवाटे तेरणा आणि मांजरा नद्यांकडे वाहत जाते.

या कचऱ्याचा मोठा वाटा पंगतीतून येतो. काल्याच्या कीर्तनानंतरच्या महाप्रसादाला ५,००० माणसे जेवली आणि प्रत्येकाला एक ताट, दोन वाट्या व एक पेला असे वापरून फेकण्याचे साहित्य दिले, तर एका दिवसात २०,००० वस्तू मैदानावर पडतात. त्या उचलायच्या कशा, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी पडतो. पण त्याचे उत्तर महिनाभर आधी, सप्ताह समितीच्या बैठकीत सामानाची यादी होते तेव्हाच ठरलेले असते.

भांडी, पाणी आणि पत्रावळ

पहिला उपाय म्हणजे धुऊन पुन्हा वापरता येणारी भांडी. त्याचा मोठा नमुना शेजारच्या नांदेडमध्ये आहे. सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये स्टीलच्या थाळीत जेवण वाढले जाते आणि भांडी घासणे ही सेवा मानली जाते. जर्मनीतील म्युनिक शहराने १९९१ मध्ये सार्वजनिक उत्सवांतून एकदाच वापरायची भांडी हद्दपार केली. जगप्रसिद्ध ऑक्टोबरफेस्टलाही तोच नियम आहे. मराठवाड्यातील अनेक गावांत देवस्थानाची किंवा बचतगटाची सामाईक भांडी असतात. चार-पाच गावांनी मिळून ताट-वाट्यांचा साठा केला, तर तो आळीपाळीने सगळ्यांच्या उपयोगी पडतो.

यावर लातूर जिल्ह्यात एक रास्त शंका घेतली जाते: धुवायला पाणी कुठून आणायचे? ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा प्रश्न टाळता येत नाही. त्यासाठी पाणी बेताने वापरण्याची पद्धत हवी. ताटातील खरकटे आधी कोरडेच निपटून काढावे, मग तीन टाक्या मांडाव्यात: पहिलीत घासणे, दुसरीत विसळणे, तिसरीत स्वच्छ पाण्यातून काढणे. वाहत्या नळाखाली धुण्यापेक्षा यात पाणी बरेच कमी लागते. सांडपाणी गाळून शोषखड्ड्यात सोडता येते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने ‘मॅजिक पिट’ या नावाने हीच पद्धत प्रसिद्ध केली. त्यात खड्ड्याच्या मधोमध छिद्रे पाडलेली टाकी असते आणि तिच्याभोवती दगड भरलेले असतात.

जिथे भांडी धुणे शक्यच नाही, तिथे पळसाच्या पानांची काड्यांनी टाचलेली पत्रावळ आणि द्रोण हा खात्रीचा पर्याय आहे. त्यांचे खरकट्यासह खत होते. बाजारातील चकचकीत चंदेरी पत्रावळ मात्र दिसायला कागदी असली, तरी तिच्यावर प्लास्टिकचा मुलामा असतो. कागदी पेल्यालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. अशा वस्तू धड कुजत नाहीत आणि साध्या कागद कारखान्यात पुन्हा वापरल्याही जात नाहीत. पिण्यासाठी टँकर किंवा २० लिटरचे जार आणि स्टीलचे पेले ठेवले, की पाण्याच्या बाटल्यांचा ढीगच लागत नाही.

सजावटीलाही हाच विचार लागू होतो. फ्लेक्सचे कापड धड कुजतही नाही आणि भंगारातही जात नाही. निलंग्यात २०१९ च्या शिवजयंतीला मंगेश निपाणीकर यांनी सुमारे सहा एकर शेतात बियाणे पेरून शिवरायांची हिरवीगार प्रतिमा उगवून आणली होती. सजावट भव्य असूनही मागे प्लास्टिक उरत नाही, याचे उदाहरण तालुक्यातच आहे.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या ताट-वाट्या, पेले आणि चमच्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर अशा वस्तूंवर आणि सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार परवाना नसलेल्या जागी १०० हून अधिक लोकांचा कार्यक्रम घ्यायचा असेल, तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवण्याची आणि कचरा जागेवरच वेगळा करून देण्याची जबाबदारी आयोजकावर टाकण्यात आली. कचरा उघड्यावर जाळल्यास दंड करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला.

जागेवरच वर्गवारी

एकदा मिसळलेला कचरा पुन्हा वेगळा करणे सर्वांत कष्टाचे आणि खर्चाचे. म्हणून पंगतीतून बाहेर पडण्याच्या वाटेवरच तीन पिंपे हवीत: हिरवे खरकट्याचे, निळे सुक्या कचऱ्याचे आणि काळे निरुपयोगी वस्तूंचे. नुसती पाटी लावून भागत नाही. प्रत्येक ठिकाणी एक स्वयंसेवक उभा लागतो. जेवणाऱ्यांची पंगत बदलली, की पिंपेही रिकामी करावी लागतात.

न वाढलेले, स्वच्छ अन्न लगेच बाजूला काढून वाटून टाकावे. शिळा भात आणि पोळ्या एकदम जनावरांपुढे टाकण्याची चूक गावोगाव होते. शिजवलेले धान्य भरपूर खाल्ल्याने जनावराच्या पोटात आम्ल वाढते आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास ते दगावू शकते.

खरकटे, पत्रावळी आणि निर्माल्य यांचे खत शेतातच करता येते. खरकट्यात पाणी आणि नत्र जास्त असते. नुसता ढीग केला तर तो सडतो, वास मारतो आणि माश्या होतात. त्यात दुपटीने कोरडा माल मिसळावा: सोयाबीनचे भुसकट, उसाचे पाचट, बारीक केलेल्या तुराट्या. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ३०:१ जमले आणि ढीग किमान मीटरभर लांब, रुंद व उंच असला, की आतील तापमान ५५ अंशांवर जाते. त्यात रोगजंतू आणि तणाचे बी मरते. आठवड्याला एकदा ढीग खालीवर केला, तर दोन-तीन महिन्यांत खत तयार होते.

सुका माल भंगारात जातो. तेलाचे डबे, पुठ्ठा, पोती आणि पाण्याच्या बाटल्यांना किंमत येते, पण या वस्तू स्वच्छ आणि कोरड्या असतील तरच. बाटल्यांच्या प्लास्टिकचे तुकडे करून त्यापासून पॉलिस्टरचा धागा बनतो. वेफर आणि गुटख्याच्या बहुपदरी पुड्यांना मात्र गिऱ्हाईक नसते. त्या गोळा करून सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळण्यासाठी पाठवाव्या लागतात. हे काम ज्यांच्या हातून होते त्या कचरावेचकांना हातमोजे, पिण्याचे पाणी आणि रोजची मजुरी देणे हा आयोजनाचाच भाग आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था गणेश विसर्जनाच्या वेळी घाटांवर निर्माल्य वेगळे गोळा करते.

शेवटचे काम हिशेबाचे. किती पोती ओला कचरा निघाला, किती सुका विकला गेला, किती उरला आणि कशामुळे, याची नोंद जमाखर्चासोबत समितीच्या वहीत ठेवावी. पुढच्या वर्षी सामानाची यादी करताना कोणती वस्तू घ्यायची नाही, हे त्या नोंदीवरूनच समजते.