वरून नको, खालून ये!

मुंबईत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने जोगेश्वरीहून निघालात की डाव्या हाताला आरेचं रान लागतं. त्या रानात आदिवासी पाडे आहेत. तिथे अंगणात एखादी कोंबडी आपलं लेंढार घेऊन माती उकरताना दिसते. लोकरीच्या गुंड्यांसारखी पिल्लं! आपण हौसेने वाकतो, हात पुढे करतो, आणि पिल्लं चिवचिवत आईच्या पंखाखाली गडप.

घाबरट कुठली, असं वाटलं ना? अहो, घाबरट नाहीत, हुशार आहेत ती! वर आभाळात घार फिरत असते, झाडात शिक्रा टपलेला असतो. पिल्लावर झडप पडते ती वरूनच. म्हणून वरून अंगावर येणारी गोष्ट दिसली की पळायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तुमचा पाच बोटांचा हात त्याच्या डोळ्यांना काय दिसत असेल, सांगा बरं!

मग दोस्ती करायची कशी? हात जमिनीवर उताणा ठेवा. तळव्यात चिमूटभर तांदळाच्या कण्या. आता हलायचं नाही. एखादं धीट पिल्लू येतं, मान तिरकी करून एका डोळ्याने हाताकडे बघतं, बोटाला टोच मारून मागे पळतं. पुन्हा येतं, कणी उचलतं. थोड्या वेळाने त्याची इवली नखं तुमच्या तळव्यावर टेकतात. गुदगुल्या होतील, पण हात ओढू नका!

हे सगळं करताना हळू आवाजात बोलत राहा. पिल्लाचं आवाजाशी नातं फार जुनं असतं. कोंबडीचं अंडं 21 दिवसांनी फुटतं, पण त्याच्या आदल्या दिवशीच पिल्लू आतून चिवचिवायला लागतं आणि खुडूक बसलेली आई त्याला हलकेच ओ देते. एकमेकांचं तोंड बघायच्या आधीच गप्पा सुरू!

ओळख मात्र लवकर करावी लागते. डग्लस स्पाल्डिंग नावाच्या इंग्रज अभ्यासकाने नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या डोक्यावर छोट्या टोप्या चढवून त्यांचे डोळे झाकले होते. एक-दोन दिवसांनी टोपी काढली, तर पिल्लं त्याच्याच मागे धावायची. पण काहींची टोपी जवळजवळ चार दिवस ठेवली, तर ती त्याला बघून जीव घेऊन पळाली. हे त्याने 1873 मध्ये लिहून ठेवलंय. एवढ्याशा मेंदूत भीती कशी वेळ ठरवून जागी होते!

पिल्लू तळव्यावर आलं तरी मूठ आवळू नका. आपल्या छातीखाली श्वासाचा पडदा असतो, पक्ष्यांना तो नसतो. त्यांची छाती हलली तरच श्वास चालतो, म्हणून प्रेमाने दाबलं तरी पिल्लू गुदमरतं. दुसरा हात जोडून नुसती ओंजळ करा. आणि लगेच आईकडे सोडा, कारण पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. ती आईच्या पोटाखाली मिळते, आपल्या हातात नाही.

मे महिन्यात गावी गेलात की करून बघा. आधी घरच्या मोठ्यांना विचारा. कोंबडी पिसं फुलवून अंगावर आली तर मुकाट्याने मागे सरा. पिल्लाचा मुका घेऊ नका, आणि नंतर साबणाने हात धुवा. त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि ते आपलं पोट बिघडवतात.