पाऊस माघारी येताना...

माझं माहेर लोणावळ्याजवळचं. तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. फांदी खोचली तरी जगते! लग्न होऊन इंदापूर तालुक्यात आले ती याच भरवशावर. पहिल्याच जूनमध्ये मृगाच्या चार सरी पडल्या आणि मी उत्साहाने अंगणात जास्वंद, तगर, पारिजातक, कढीपत्ता, लिंबू अशी दहा रोपं लावली. जुलैत पाऊस गायब. नुसता भणाणता वारा. महिन्याभरात आठ रोपांच्या काटक्या झाल्या.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा काही बोलल्या नाहीत. श्रावण सरता सरता म्हणाल्या, "अगं, खड्डं तसंच हायेत न्हवं? आता लाव. आपल्याकडं पाऊस माघारी येताना पडतो."

किती खरं होतं ते! जिल्हा एकच, पण सह्याद्री ढग अडवतो आणि बारामती-इंदापूर पर्जन्यछायेत राहतात. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मि.मी.च्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. नीरेच्या कालव्यानं, उजनीच्या पाण्यानं शिवारात ऊस आला, पण अंगणातलं झाड आभाळाकडेच बघतं. ऑगस्टअखेर पूर्वा लागतं, मग उत्तरा आणि हस्त. तेव्हा जमीन खोलवर भिजलेली असते. ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत रोप मूळ धरतं आणि उन्हाळ्यापर्यंत पाच-सहा महिने त्याला मिळतात.

मैत्रिणींनो, आत्यांची पद्धत सांगते. खड्डे मे महिन्यातच घ्यायचे, दोन फूट लांब, रुंद, खोल. उन्हानं माती तापली की किडी, बुरशी कमी होतात. खाली पांढरी चुनखडी लागली तर ती बाहेर टाकायची. लिंबाला ती सोसत नाही, पानं पिवळी पडतात. पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड घालून खड्डा भरायचा. रोप लावायचं ते संध्याकाळी, पिशवी फाडून, मुळाभोवतीची माती न फोडता. वाऱ्यासाठी काठीचा आधार. पाऊस ओसरला की आळ्यात उसाचं पाचट पसरायचं, मात्र खोडापासून चार बोटं दूर.

२०१८ साली परतीच्या पावसानंही दगा दिला. पुढचा उन्हाळा टँकरवर काढला. तेव्हा आत्यांनी जुन्या मडक्यांना बुडाशी भोक पाडून चिंधीची वात घातली आणि एकेक मडकं रोपाशेजारी पुरलं. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी त्यात जायचं. माणसांनाच पाणी नाही आणि झाडांचे लाड कसले, म्हणून मी चिडले होते. त्या फक्त म्हणाल्या, "धुणं-भांड्याचं न्हाई घालत मी, साबण असतो त्यात." पारिजातक जगला. आज त्याच्या फुलांचा सडा उंबऱ्यापर्यंत येतो.

आता आत्यांचे गुडघे वाकत नाहीत. गेल्या भाद्रपदात खुर्ची टाकून बसल्या आणि माझ्याकडून लिंबाचं रोप लावून घेतलं. मी म्हटलं, "आत्या, याला लिंबं धरायला तीन-चार वर्षं लागतील." हसून म्हणाल्या, "मग काय झालं? पिळणारं कुणीतरी असंलच की घरात."

यंदाचे खड्डे मी मेमध्येच घेऊन ठेवलेत. त्यांनी सांगायच्या आधी!