खेचलेला जॉब

पुस्तकात त्याला ‘अवशिष्ट ताण’ म्हणतात, शॉपमध्ये म्हणतात ‘जॉब खेचला’. शॉपचा शब्द जास्त खरा. वेल्डमध्ये वितळलेला धातू थिजताना आकसतो, भोवतालची थंड प्लेट त्याला आकसू देत नाही, आणि ही रस्सीखेच जोडाच्या पोटात मुक्कामाला राहते. एसएसमध्ये, म्हणजे स्टेनलेस स्टीलमध्ये, तर फारच. साध्या पोलादापेक्षा तो दीडपट प्रसरण पावतो आणि उष्णता मात्र जेमतेम एक तृतीयांश वाहून नेतो. प्लेट जाड असेल तर व्ही-ग्रूव्ह भरायला पासावर पास द्यावे लागतात आणि प्रत्येक पास आपली ओढ लावतो.

या ओढीची किंमत १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेस्डेन-२ अणुभट्टीने मोजली. तिथल्या चार इंची एसएस नळ्यांना वेल्डलगत चिरा गेल्या. आपल्या तारापूरच्या, १९६९ पासूनच्या दोन भट्ट्याही याच उकळत्या पाण्याच्या जातीच्या, तेव्हा ही बातमी आपल्यालाही परकी नव्हती. वेल्डच्या आचेने कणांच्या सीमेवर क्रोमियम कार्बनशी बांधला गेला होता, पाण्यात ऑक्सिजन होता, आणि ओढ तर होतीच. साध्या पोलादाला असतो तो उपाय, म्हणजे सहाशे अंशांच्या आसपास भट्टीत भाजून ताण उतरवणे, इथे आत्मघातकी. क्रोमियम नेमका त्याच तापमानाला बांधला जातो. मग एक नामी युक्ती निघाली. नळीत पाणी वाहतं ठेवायचं आणि बाहेरून इंडक्शन कॉइलने तापवायची. गार झाल्यावर आतल्या पृष्ठभागावरची ओढ दाबात बदलते. ताण गेला नाही, उलटा फिरवला.

दरम्यान जोडकामात लेसर आला होता. १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर बेल लॅब्जमध्ये घडवणारे कुमार पटेल मूळचे बारामतीचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. पुढे किलोवॉटांची ताकद आली, आणि नंतरच्या फायबर लेसरने दहा मिलिमीटरचा एसएस एकाच पासात जोडता येऊ लागला. वितळणारा रस थोडा, म्हणून प्लेट वाकते कमी. सरळ राहिलेली प्लेट पाहून ताणही गेला, असा समज मात्र करून घेऊ नये.

तो गेला नव्हता हे पाहायला जोडाच्या पोटात शिरावं लागतं. १९३४ पासूनची माथार यांची बारीक भोक पाडून मोजायची रीत वरच्या कातडीपुरती. २००१ मध्ये लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या मायकेल प्राइम यांनी धातूचा तुकडा सरळ वायरकटने चिरला आणि कापलेला पृष्ठभाग किती फुगला-खचला त्यावरून आतल्या ताणाचा नकाशा काढला. जोडांचे असे नकाशे शेजारी ठेवले की दिसतं: आर्क वेल्डिंगचा ताणपट्टा रुंद, लेसरचा अरुंद, पण शिखर दोन्हीकडे धातूच्या नमनबिंदूच्या आसपास. ते तिथंच असणार. त्यापुढे धातू स्वतःच नमतो.

फ्रान्समधल्या इटर या अणुसंलयन प्रकल्पात उष्णताकवचाच्या नळ्या गळत असल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. चांदीचा मुलामा देण्याआधीच्या प्रक्रियेतलं क्लोराइड वेल्डजवळच्या सांदीत अडकलं होतं, आणि नळ्या वाकवताना, जोडताना उरलेल्या ओढीने बाकीचं काम केलं. सुमारे तेवीस किलोमीटर नळ्या उखडून नव्याने बसवायचं ठरलं.