जपायचा तो पीळ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने केबलवर लेख का लिहावा, असे प्राध्यापक मंडळी विचारतील. कारण साधे आहे. माझे मामा बेळगावच्या उद्यमबागेत विजेच्या कामाची कंत्राटे घेतात आणि सुट्टीत त्यांची बिले मी लिहितो. नेटवर्क केबलची रक्कम बिलात लहानशीच असते; तिच्यापायी होणारा तोटा मात्र कोणत्याच बिलात दिसत नाही.

कारखान्यातील यंत्रे आता या केबलवरून एकमेकांना सेकंदाला कित्येक संदेश धाडतात. लागोपाठ काही संदेश चुकले, की सुरक्षिततेसाठी यंत्र आपोआप थांबते. केबलच्या पोटात तांब्याच्या तारांच्या पिळलेल्या जोड्या असतात. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची, १८८१ च्या पेटंटातली. पिळामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होतो. वजाबाकी आम्हा कॉमर्सवाल्यांनाही समजते!

म्हणून तांब्याइतकाच पीळ जपावा लागतो. केबल जोराने ओढली तरी तार सहसा तुटत नाही. ती ताणली जाते, पीळ बिघडतो. कोपऱ्यावर मुडपली तर तारांमधील अंतर बदलते आणि तेथून संदेशाचा काही भाग प्रतिध्वनीसारखा मागे फिरतो. दिवा लागतो, मीटरही वाजतो. दुखणे पुढे कधीतरी निघते.

चार जोड्यांच्या नेहमीच्या केबलला ओढताना ११० न्यूटन, म्हणजे सुमारे ११ किलो वजनाइतकाच ताण चालतो. पाण्याने भरलेली एक बादली, बस्स! तीन गडी पाइपातून ओढू लागले की ही मर्यादा केव्हाच मागे पडते. मामांचे मिस्त्री कानडी आहेत. ते सारखे 'निधान, निधान' ओरडत असतात. कानडीत याचा अर्थ सावकाश, आपल्याकडे ठेवा. ड्रम दांडीवर चढवून फिरवीतच ते केबल सोडतात. बाजूने वेटोळी उपसली तर प्रत्येक वेटोळ्यामागे एक नको असलेला पीळ पडतो. बसवलेल्या केबलच्या वळणाची त्रिज्या निदान जाडीच्या चौपट हवी. प्लॅस्टिकच्या पट्ट्या पकडीने करकचून आवळण्याची आपल्याकडे भारी हौस. खरे तर बांधलेली केबल बोटांनी सरकली पाहिजे.

पण सर्वांत वाईट पत्र्याच्या ट्रेची कापलेली कड. ती कानशीने घासून वर रबरी बुश बसवायला पाच मिनिटे लागतात. एका कारखान्यात दुसऱ्या कोणीतरी ती वाचवली होती. यंत्र मधूनच थांबे, रोजंदारीची माणसे बसून राहत आणि ठपका यंत्र चालवणाऱ्या कामगारावर येई. त्याची पाळीही बदलली, तरी थांबणे सुरूच! अखेर मामांनी चाचणीयंत्र लावले. दोष किती मीटरवर आहे तेही ते सांगते. तेथे ट्रेच्या कडेने केबलचे आवरण कापलेले निघाले.

तेव्हापासून मामांच्या दरपत्रकात मी 'केबल चाचणी' अशी वेगळी ओळ लिहितो. घासाघीस सुरू झाली, की गिऱ्हाईक पहिली काट त्याच ओळीवर मारते.